चुकांची उशी

आमच्या शिवणखोलीत एखादा खुनी सुटला असता, पण गोष्टीतली बाई सुटली नसती.

खोली चर्चच्या मागच्या अंगाला. एक लांब टेबल, दोन मशीन, त्यातलं एक आधी खोकतं आणि मग चालतं. दर गुरुवारी दुपारी आम्ही बायका तिथे जमतो आणि गायनमंडळाचे झगे, दवाखान्याचे पडदे, जे पुढ्यात येईल ते शिवतो. म्हणजे बाकीच्या शिवतात, मी वाचते. मी शिवलेला एक पडदा पाहून नर्सबाई म्हणाल्या होत्या, "याच्याआड निजलेला रोगी बरा व्हायच्या ऐवजी चक्कर येऊन पडेल." त्या दिवशी माझ्या हातातली सुई गेली आणि पुस्तक आलं. शाळा माझ्या वाट्याला फार आली नाही, पण औषधाच्या बाटलीपासून शुभवर्तमानापर्यंत जे हाती लागलं ते वाचत आले, त्यामुळे अडखळत नाही.

खिडकीच्या कट्ट्यावर एक उशी असते. टाचण्यांची, करड्या लोकरी कापडाची, पोटात भुसा. तिची रीत आधीच्या पाळकबाईंनी घातली, म्हणजे आत्ताच्या पाळकबाईंच्या सासूबाईंनी. वाचन चालू असताना नायिका चुकली असं जिला वाटेल तिनं हात वर करायचा. मी थांबायचं. तिनं चूक सांगायची आणि लाल डोक्याची टाचणी उशीत खुपसायची. दुसरीच्या ठेचेनं आपण शहाणं व्हावं, हा हेतू. पुस्तक संपेतो उशीला गोवर आल्यासारखा दिसायचा. मग प्रार्थना, टाचण्या काढणं, आणि पुढचं पुस्तक.

नायकाच्या चुकीला टाचणी नव्हती. तसा नियम कुणी केलेला नव्हता. सुचलंच नव्हतं कुणाला.

पुस्तकं पाळकबाईंच्या कपाटातून यायची आणि किल्ली त्यांच्या कमरेला. सगळ्यांत एक भली मुलगी असायची. तिच्या आयुष्यात एक देखणा माणूस यायचा आणि आम्ही टाचण्या सरसावून बसायचो. तिनं पत्राला उत्तर दिलं, टाचणी. आईपासून लपवलं, टाचणी. पावसात त्याच्या छत्रीत गेली, बटणवालीनं दोन टाचण्या लावल्या. बटणवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या बटणांच्या दुकानाची मालकीण. ती म्हणाली, "एक छत्रीची, एक भिजण्याची." पुढे शेवट दोनच. मुलगी लग्नाच्या वेदीशी पोचायची, नाहीतर कबरीत. मधली जागा लेखकांना माहीतच नव्हती. बाई चुकली, मग घरी आली, हातपाय धुतले आणि कामाला लागली, असं एकही पुस्तक त्या कपाटात नव्हतं.

अशी एक बाई मात्र माझ्या घरात होती.

माझ्या बहिणीची मुलगी. तिला सगळे कात्री म्हणतात. लहानपणी तिनं घरातले पडदे कापून बाहुलीला झगे केले तेव्हापासून. आता ती कपड्यांच्या कारखान्यात बेतणीचं काम करते. कापडाच्या जाड थप्पीवर खडू फिरवते आणि पातं असं चालवते की लोण्यातून सुरी. जीभही तशीच. बहीण गेल्यावर ती माझ्याकडेच वाढली.

एका वर्षी चर्चच्या प्यानोचे सूर लावायला एक माणूस आला. सूर लागले, आणि सूरवाला राहिला. गायनमंडळात गायचा. आवाज असा की नर्सबाईंसुद्धा डोळे मिटायच्या, आणि त्या ऑपरेशनच्या वेळीही डोळे मिटत नसत. कात्री त्याच्याबरोबर दुसऱ्या गावी गेली. लग्न पुढच्या महिन्यात करू, असं तो म्हणाला होता. पुढचा महिना हा फार चिवट असतो, कधी येतच नाही. मग तिथे त्याला दुसरा प्यानो भेटला. कात्री घरी परत आली ती एक पिशवी आणि आपली कात्री घेऊन. मी दार उघडलं. ती म्हणाली, "मावशी, बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घे." मी म्हटलं, "चप्पल बाहेर काढ, फरशी ओली आहे."

मंडळीनं मात्र बोलून घेतलं. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या दिवशी प्रभूच्या मेजावरचं भाकरीचं ताट बाकावरून हातोहात फिरतं. शेजारणीनं मोडायची, शेजारणीला द्यायचं. फक्त अगदी मागच्या बाकावर ताट जात नाही. जिचं अजून निस्तरायचं आहे तिनं तिथे बसायचं. पाळकसाहेब भले गृहस्थ, ते हळूच म्हणाले, "थोडे दिवस." थोडे दिवसही पुढच्या महिन्याच्याच जातीचे निघाले. कात्री दर रविवारी मागच्या बाकावर बसली. गाणी म्हणाली, प्रार्थना केली, ताट पुढच्या बाकावरून परत फिरताना पाहिलं. एकदा घरी येऊन एवढंच म्हणाली, "मावशी, मला भूक लागते गं तिथे." मी तिला जेवायला वाढलं. ती भूक ती नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

आणि मग सूरवाला परत आला.

उपासनेत उभा राहिला. मी भरकटलो होतो, म्हणाला. रडला. खरंच रडला, मी त्याच्यावर खोटेपणाचा आळ घेणार नाही. पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली आणि त्याच रविवारी ताट त्याच्या हातात गेलं. पुरुषाचा पश्चात्ताप एका रुमालात मावला. बाईच्या पश्चात्तापाला अख्खा बाक अडकवून ठेवला होता.

दोन दिवसांनी भर दुपारी तो आमच्या दारात. कात्री इस्त्री करत होती.

"मी बदललोय," तो म्हणाला.

"चांगलं झालं."

"खरंच बदललोय."

"खरंच चांगलं झालं."

"मग?"

"मग काय? बदललास, चांगलं झालं. बाजूला हो, वायर पायात येतेय तुझ्या."

"मी लग्न करायला तयार आहे."

"हो का," कात्री म्हणाली, आणि कॉलरची दुसरी बाजू उलटली. "मला विचारलं असतंस तर मीही सांगितलं असतं, तयार आहे की नाही ते."

तो गेला. पण तिचं उत्तर त्यानं कुठे नेलं कोण जाणे, कारण रविवारी अख्खी मंडळी मला हात मिळवून अभिनंदन करत होती. नर्सबाई म्हणाल्या, "सुटलात बाई." बटणवालीनं मोत्याची बटणं फुकट कबूल केली. मुलीनं हो म्हटलंय का, हे कुणीच विचारलं नाही. अशा ठिकाणी मुली हो म्हणतातच, आमचं कपाट भरून पुरावा होता.

त्या गुरुवारी पाळकबाईंनी एक नवं, लहानसं पुस्तक काढलं. त्यात एक शिक्षिका होती आणि एक जहाजाचा कप्तान. कप्तान तिला फसवून निघून गेला. ती फिक्की पडली, गावानं तोंड फिरवलं, उशी लालेलाल झाली. मी वाचत होते आणि कात्री टेबलाच्या टोकाला मान खाली घालून गायनमंडळाचे झगे बेतत होती. तिथे तिला यायची मुभा होती. मागच्या बाकाचा नियम देवाच्या मेजाला होता, आमच्या टेबलाला नाही, कारण तिच्याइतकं सरळ कापणारी दुसरी कुणी नव्हती.

वाचन संपल्यावर पाळकबाईंनी कपाटामागून कापडाचा एक तागा काढला. पांढरं, जड, हाताला थंड लागणारं कापड.

"एका मुलीच्या लग्नाचा झगा आहे," त्या कात्रीला म्हणाल्या. "तू बेतून दे. मापाला हा जुना झगा घे."

जुना झगा गायनमंडळातला होता. कात्रीनं तो उलटा करून पाहिला. मानेपाशी एक रफू होतं, निळ्या दोऱ्याचं. पांढरा दोरा संपला होता म्हणून मीच ते निळ्यानं केलं होतं, कात्री पहिल्यांदा गायला उभी राहिली त्या सकाळी. इतकं वाकडं रफू साऱ्या मंडळीत दुसऱ्या कुणाचं असणार? तिनं माझ्याकडे पाहिलं. बायकांनी एकदम आपापल्या शिवणात डोकी घातली. सगळ्यांना माहीत होतं. नवरीला न विचारता नवरीचा झगा नवरीकडूनच कापून घ्यायचा, एवढी हुशारी आमच्याच खोलीला सुचावी.

कात्री फक्त म्हणाली, "आधी पाण्यातून काढायला हवं. नाहीतर आटेल." आणि तागा काखेत मारून घरी निघाली.

घरी तिनं तो भिजवला, दोरीवर टाकला. आमची अख्खी गच्ची पांढरी झाली. त्या कापडाखाली उभी राहून ती म्हणाली, "मावशी, मी चुकले होते."

"हो."

"तू निदान जरा वाद तरी घालायचास."

"चुकली होतीस तर वाद कशाला घालू? खोटं बोलणाऱ्यावर विश्वास ठेवलास आणि लग्नाआधी घर मांडलंस. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही."

"मलाही पटत नाही. देवाला सांगितलं मी ते, त्या दुसऱ्या गावच्या खोलीत गुडघ्यावर बसून. त्यानं ऐकलं, मावशी. मला कळलं ऐकलं ते." तिनं कापडाचं टोक पिळलं. "पण आता या बायका म्हणतात, त्या चुकीशीच लग्न कर, म्हणजे चूक फिटेल. विहिरीत पडलेल्याला बाहेर काढतात ना गं? की विहीर त्याच्या नावावर करून देतात?"

"त्याला माफ केलंस का?"

तिनं दोरीवरचं कापड सारखं केलं. मग म्हणाली, "केलं. सोपं नव्हतं. त्याच्याकडून माझं काही येणं राहिलं नाही. पण येणं सोडलं म्हणजे घराची किल्ली दिली असं नव्हे."

पुढच्या गुरुवारी शेवटचं प्रकरण होतं. खोली गच्च भरलेली. बटणवाली मोत्याची बटणं घेऊनच आली होती. कापड इस्त्री होऊन टेबलावर पसरलेलं, आणि कात्री खडू घेऊन त्याच्यापाशी उभी. मी वाचायला घेतलं. कप्तान आजारी होऊन परत येतो. शिक्षिका त्याची शुश्रूषा करते. तो रडतो, ती रडते. तो विचारतो, ती मान लववते, घंटा वाजतात. मी एकही शब्द गाळला नाही. वाचणारीनं गाळायचं नसतं, लेखकानं खड्डा खणला असेल तर खड्डाच वाचायचा.

पुस्तक मिटलं. बायकांनी डोळे पुसले. पाळकबाईंनी उशी पुढे घेतली. "शेवटी देवानं सगळं नीट केलं," त्या म्हणाल्या. "आता टाचण्या काढू या."

"थांबा," कात्री म्हणाली. "माझी एक राहिली."

तिनं लाल डोक्याची टाचणी उचलली आणि उशीच्या बरोबर मधोमध खुपसली.

"ही कुठली चूक?" पाळकबाईंनी विचारलं.

"शेवटच्या पानावरची. हो म्हणाली ती."

मशीनं थांबली. खोकणारं मशीनसुद्धा खोकायचं विसरलं.

"अगं, तिनं त्याला क्षमा केली," पाळकबाई म्हणाल्या, लहान मुलाला समजावतात तशा. "क्षमा ही चूक कशी?"

"क्षमा बरोबर आहे, बाई. औषध दिलं, उशाशी बसली, तेही बरोबर. लग्न ही चूक. तो बरा झाल्यावर काय करेल, हे लेखकानं सांगितलं नाही, कारण घंटा वाजल्या."

"प्रत्येकाला दुसरी संधी—"

"मिळू दे की. समुद्र मोठा आहे, बोटी पुष्कळ आहेत. माझ्याच अंगणात कशाला?"

बटणवाली फिसकन हसली आणि मग खोकल्याचं सोंग केलं.

पाळकबाईंचा चेहरा उतरला. त्या दुष्ट नाहीत, हे मला लिहायलाच हवं. कापड त्यांनी स्वतः निवडलं होतं, उत्तम निवडलं होतं. "मला तुला मेजावर परत आणायचंय," त्या म्हणाल्या, आणि कापडाची कड उगाच सरळ केली. "दुसरा रस्ता मला दिसत नाही, पोरी. अशीच कशी येशील? लोक काय म्हणतील, हिचं काय झालं शेवटी?"

तेव्हा मी बोलले. मी तिथे दुसऱ्याचे शब्द वाचायला बसते, माझे बोलायला नाही. पण तोंड उघडंच होतं.

"बाई, शुभवर्तमानात विहिरीवर पाणी भरायला आलेल्या त्या बाईचं काय झालं शेवटी? तिचे पाच नवरे झाले होते आणि घरात होता तो नवरा नव्हता. आपल्या खोलीत आली असती तर उशी पुरली नसती. प्रभूनं तिला सगळं तोंडावर सांगितलं, काही झाकलं नाही. पण सहावं लग्न जुळवून दिलं नाही. तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं. आणि ती घागर तिथेच टाकून गावात गेली, आणि गावानं तिचं ऐकलं. तिला कबर नाही की वरात नाही. तिला काम मिळालं."

नर्सबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "शुश्रूषेचं म्हणाल तर," त्या हळूच म्हणाल्या, "मी जन्मभर केली. त्यातल्या एकाशीही लग्न करावंसं वाटलं नाही."

"पुरे," पाळकबाई म्हणाल्या. "झगा बेतणार आहेस की नाहीस?"

कात्रीनं खडू उचलला. कापडाच्या कडेनं मोजत गेली, एक लांब सरळ रेघ मारली. छाती नाही, कंबर नाही, बाही नाही. मग कात्री लावली. कापड कापलं जाताना जो आवाज येतो तो मला आवडतो, पण त्या दिवशी तो फार मोठा वाटला. कापून झालं तेव्हा टेबलावर एक लांबट चौकोन होता.

"हे काय?" बटणवालीनं विचारलं.

"प्रभूच्या मेजावरचं कापड. आहे ते कडेला विरलंय, मागच्या बाकावरून नीट दिसतं." तिनं कड दुमडून पहिली टाचणी लावली. "रविवारपर्यंत शिवून होईल. आणि बाई, रविवारी मी त्या बाकावर बसणार नाही. माझं निस्तरलंय. ज्याच्याशी निस्तरायचं होतं त्याच्याशी."

पाळकबाई किल्ली घेऊन उठल्या, कपाटापर्यंत गेल्या, आणि कपाट न उघडताच बाहेर पडल्या. आम्ही बसून राहिलो. मग बटणवालीनं मोत्याची बटणं पिशवीत परत टाकली, कापडाचं दुसरं टोक मांडीवर ओढलं आणि सुईत दोरा ओवला. "मेजाला बटणं लागत नाहीत," ती म्हणाली, "नाहीतर दिली असती." नर्सबाईंनी तिसरी कड घेतली. चौथी मी मागितली. सगळ्या एकदम म्हणाल्या, "नको."

रविवारी नवं कापड मेजावर होतं. कुणी घातलं, पाळकसाहेबांनी विचारलं नाही. आमच्या बाकावर वाटेच्या बाजूला मी, मग पाळकबाई आणि भिंतीकडे बटणवाली, अशी वर्षानुवर्षांची बैठक. त्या दिवशी बटणवाली गायनमंडळाच्या मागे जाऊन बसली, तिथे तिला काही ऐकू येत नाही. भिंतीकडची जागा रिकामी. कात्री मधल्या वाटेनं आली. माझ्या गुडघ्यांवरून, पाळकबाईंच्या गुडघ्यांवरून, "जरा सरका, बाई" म्हणत, आणि बसली. तिच्या अंगावर कामाचाच झगा होता, बाहीवर खडू.

ताट आलं. मी भाकरी मोडली आणि ताट पाळकबाईंच्या हातात दिलं. त्यांनी आपला तुकडा मोडला. आणि ताट त्यांच्या मांडीवर थांबलं.

पाळकसाहेब मेजापाशी उभे, हात नव्या कापडावर. ते आपल्या बायकोकडे पाहत होते. पाळकबाईंची बोटं ताटाच्या कडेवर पांढरी पडली होती. कात्रीनं हात पुढे केला नाही, मानही खाली घातली नाही. ती नुसती बसून होती, दुकानात आपली पाळी आलेलं माणूस बसतं तशी.

पाळकबाईंनी ताट तिला दिलं नाही. परत माझ्याकडेही फिरवलं नाही. दोघींच्या मधे बाकाच्या फळीवर ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.

कात्रीनं ताट उचललं. भाकरी मोडली, तोंडात घातली, सावकाश चावली. तिच्या गालावरून पाणी ओघळलं, ते तिनं पुसलं नाही.

आता ताट पाठीमागच्या रांगेत द्यायचं होतं. आमच्या मागे, भिंतीकडेच, सूरवाला बसला होता. पुढे काय होतंय ते बघायला अर्धं चर्च माना वाकड्या करून बसलं होतं. कात्री वळली आणि ताट त्याच्यापुढे धरलं.

"घे," ती म्हणाली.

त्यानं ताटाऐवजी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"भाकरी घे," कात्री म्हणाली. "आणि पुढे दे. अगदी मागचा बाक अजून राहिलाय."